दामले नानांचा शनी

आमच्या शेजारचे दामले नाना पंचांग पाहिल्याशिवाय कुठलंही महत्त्वाचं काम करत नाहीत. गैरसमज नको म्हणून लगेच सांगते, ते पंचांगात राहुकाळ शोधतात. फ्रीज त्यांनी अमावास्येला आणला. या फ्लॅटमध्ये राहायला आले ते ऐन पितृपंधरवड्यात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या, तेव्हा नानांनी घरी येऊन पंचांग काढलं आणि त्यातल्या त्यात जास्त वाईट दिवस निवडला. ऑपरेशन उत्तम झालं. पुढे महिनाभर ते जिन्यात भेटेल त्याला डोळा मोठा करून दाखवत होते.

"हा घ्या पुरावा," म्हणायचे.

नाना कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते आम्हाला शिकवतात. कोथरूडमध्ये ठाम मतं असणं हा काही विक्षिप्तपणा नव्हे. मत नसलेल्या माणसाला इथे भाड्यानं घर मिळणंही कठीण. पण इतरांची मतं चहाबरोबर संपतात, नानांची तिथून सुरू होतात. कुणी काहीही बोललं की त्यांचा पहिला प्रश्न, "पुरावा काय?" एकदा मी नुसतं म्हणाले, "नाना, आज उकडतंय फार." तर आत जाऊन थर्मामीटर घेऊन आले.

माझ्या सासूबाई म्हणजे या प्रश्नाचं मूर्तिमंत उत्तर. त्यांच्या देवघरात इतके देव आहेत की नवीन देव आला तर जुन्यांना सरकून बसावं लागतं. दर एकादशीला नाना आमची बेल वाजवायचे. "इंदिराबाई, एक कांदा मिळेल का? भजी तळतोय." सासूबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जायच्या आणि टोपलीतला सगळ्यात मोठा कांदा आणून द्यायच्या. हे युद्ध वर्षानुवर्षं चालू होतं आणि दोघांच्याही तब्येतीला मानवत होतं.

नानांच्या बायको सुमनताई गेल्या तेव्हा मात्र कुणाचीच तब्येत ठीक राहिली नाही. नानांनी त्यांचं देहदान केलं, ते त्या दोघांचं आधीच ठरलं होतं. पण पुढे दहावा नाही, तेरावा नाही, काही नाही. सुमनताईंचे भाऊ येऊन काकुळतीनं म्हणाले, "नाना, तुम्ही मानू नका. पण दहाव्याला चार माणसं जमतात, कावळ्याला सांगून का होईना, मनातलं बोलतात. तिच्याशी बोलायचं राहिलंय हो आमचं."

"कावळ्याला मराठी समजतं, याला पुरावा काय?" नाना म्हणाले.

भाऊ चहा न घेता उठून गेले, ते पुन्हा आले नाहीत. नाना रडले नाहीत. फक्त त्यांनी जेवण सोडलं. उपास असं नाही, उपासाला तर त्यांचा तात्त्विक विरोध. चहात बिस्किट बुडवायचं आणि म्हणायचं, "झालं जेवण." आमचं आणि त्यांचं स्वयंपाकघर एकाच भिंतीला लागून आहे. रोज संध्याकाळी पलीकडून कुकरची शिट्टी यायची, ती बंद झाली. नानांचा शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसायला लागला. आम्ही डबा दिला की तो दुसऱ्या दिवशी तसाच भरलेला परत यायचा.

मग एके दिवशी शनी आला.

शनिवार पेठेतल्या एका जुन्या मित्राकडून, शनिवारी, अमावास्या बघून, नानांनी एक काळंकुळकुळीत पिल्लू आणलं आणि त्याचं नाव शनी ठेवलं. सोसायटीत हाहाकार माजला. म्हातारीकोतारी माणसं जिन्यात शिरण्यापूर्वी विचारायला लागली, "शनी वर आहे की खाली?" आमचे सेक्रेटरी पाटणकर, ज्यांच्या दहा बोटांत सात अंगठ्या असतात, त्यांना ज्योतिषानं निक्षून बजावलं होतं की यंदा शनीपासून जपून राहा. त्याच आठवड्यात शनीनं त्यांची नवी कोल्हापुरी चप्पल पळवली. दोन्ही नाही, एकच. शनी कधीच जोड पळवत नसे. एक न्यायचा, चावून तिचा चोथा करायचा आणि दुसरी मालकाला आठवण म्हणून ठेवायचा. पाटणकरांनी तक्रार केली तेव्हा नाना शांतपणे म्हणाले, "तुमच्या ज्योतिषाचा अंदाज पहिल्यांदाच खरा ठरला. तुम्ही पेढे वाटायला हवेत."

पाटणकरांनी पेढे वाटले नाहीत. लिफ्टमध्ये पाटी लावली: 'श्वानांनी लिफ्टचा वापर करू नये.' शनीला वाचता येत नसल्यानं तो लिफ्टनंच येत-जात राहिला. कुणी बटण दाबलं की आत शिरायचा, आपला मजला आला नाही तर तसाच बसून पुन्हा खाली जायचा आणि शहाण्यासारखा दुसऱ्या माणसाची वाट बघायचा.

सोसायटीच्या गणपतीत तर त्यानं कहर केला. आरतीला सगळे डोळे मिटून उभे होते. 'घालीन लोटांगण' संपेपर्यंत एकवीस मोदकांचं ताट चकाचक झालं होतं आणि शनी मिशा चाटत गणपतीच्या शेजारी बसला होता. बायकांनी आरडाओरडा केला. नाना मागून खुर्चीवरूनच म्हणाले, "इतकी वर्षं नैवेद्य दाखवताय, खाल्ला कुणी हे आज पहिल्यांदा दिसलं. आनंद माना."

पण नियतीचा म्हणा, किंवा नानांच्या भाषेत योगायोगाचा म्हणा, सूड असा की हा कुत्रा स्वतः पक्का अंधश्रद्धाळू निघाला. मांजर आडवं गेलं की शनी रस्त्यात बसकण मारायचा. दुसरं कुणी पुढे गेल्याशिवाय जागचा हलायचा नाही. नाना दोरी ओढतायत, समजावतायत, भौतिकशास्त्र सांगतायत, आणि शनी ढिम्म! सोसायटीतली माणसं बाल्कनीतून हे बघायला चहाचा कप घेऊन उभी राहायची. "तो मांजराला घाबरतो," नाना वर बघून ओरडायचे, "त्यात श्रद्धेचा काही संबंध नाही!" शिवाय रोज सकाळी सासूबाईंची घंटा वाजली की शनी आमच्या दारात येऊन, पुढचे पाय जोडून, मान खाली घालून बसायचा.

"बघा दामले, तुमचा शनी आमच्या देवाला भजतो," सासूबाई म्हणाल्या.

"देवापुढच्या साखरेला भजतो," नाना म्हणाले.

"बाकीचे भक्त तरी दुसरं काय करतात?" सासूबाईंनी विचारलं.

एवढं सगळं झालं तरी आम्ही शनीला मनापासून शिव्या दिल्या नाहीत, कारण भिंतीपलीकडची कुकरची शिट्टी पुन्हा सुरू झाली होती. कुत्र्यासाठी भात लावायचाच, तर मूठभर तांदूळ जास्त. पलीकडून आवाज यायचा, "चावून खा. नुसतं गिळू नकोस. हे बघ, मी कसा खातो." शर्टात हळूहळू माणूस दिसायला लागला. 

शनी यंदाच्या उन्हाळ्यात गेला. म्हातारा झाला होता, मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टरांकडून नाना रिकामी दोरी हातात घेऊन आले. मी दारातच होते. "अवयव झिजतात," म्हणाले, "त्यात विशेष काही नाही." आणि दार लावून घेतलं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटणकरांनी मजकूर टाकला, 'आपल्या सोसायटीतील दामले यांचा शनी याचे दुःखद निधन.' आता आमच्या ग्रुपवर नाव आणि 'निधन' यांच्या मधलं कुणी वाचत नाही, आणि एकानं हात जोडले की बाकीचे तेच पुढे चिकटवतात. बी विंगमधल्या कुणीतरी लिहिलं, 'दामले सरांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मग रांगच लागली. 'सरांच्या आत्म्यास शांती लाभो.' 'एक परखड व्यक्तिमत्त्व हरपले.' ज्यांनी नानांना जन्मात कधी बरं म्हटलं नव्हतं, त्यांनी 'पोकळी' वगैरे लिहिलं. संध्याकाळी खुद्द नानांचा मेसेज आला: 'मी जिवंत आहे. पुरावा हा मेसेज. आत्मा नाही, त्यामुळे शांतीचा प्रश्न येत नाही.' त्याखालीही दोघांनी हात जोडले.

आम्ही हसलो. पण त्या संध्याकाळी शिट्टी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीजवळ उगाचच घोटाळायला लागल्या. डबा पाठवला तर भरलेला परत आला. "पोट जरा ठीक नाही," नाना म्हणाले. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा पुडा मला दारातूनच दिसला.

"हा माणूस आता मरेल," सासूबाई मला म्हणाल्या. "मागच्या वेळी कुत्र्यानं वाचवला. आता कोण वाचवणार?"

आणि त्यांनी जाहीर केलं की गच्चीवर शनीचा दहावा करायचा. घरात चार दिवस वाद झाला. कुत्र्याचा दहावा कुठल्या शास्त्रात आहे, असं मी विचारलं. "शास्त्र सोयीनं असतं," सासूबाई म्हणाल्या. पाटणकरांनी सेक्रेटरी म्हणून विचारलं, "गोत्र काय लावायचं?" हे नानांच्या कानावर गेलं आणि ते तणतणत आमच्याकडे आले. "माझ्या कुत्र्याच्या नावावर हे थोतांड चालणार नाही! मी स्वतः येऊन थांबवणार."

"या की," सासूबाई म्हणाल्या. त्यांना तेवढंच हवं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी गच्चीच्या कठड्यावर केळीचं पान मांडलं. दहीभात, गूळ-तूप लावलेली पोळी, दोन बाकरवड्या आणि देवापुढची साखर. पाटणकर आले ते हातात पिशवी घेऊन. तीतून त्यांनी एक कोल्हापुरी चप्पल काढली आणि पानाशेजारी ठेवली. "ही राहिली होती," ते ओशाळून म्हणाले. "दुसरी त्याच्याकडेच आहे." कुणी हसलं नाही.

नाना पाण्याच्या टाकीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. थांबवणार म्हणाले होते, पण अजून तरी थांबवलं नव्हतं.

समोरच्या आंब्यावर कावळे भरपूर होते. एकही येईना. सासूबाई पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज पोळी घालीन रे, शिव आता." कावळा ढिम्म. पाटणकर म्हणाले, "लिफ्टमधली पाटी आजच काढतो." कावळ्यानं मान वळवली. मलाही पुढे ढकललं. मी म्हणाले, "खाली पाण्याची कुंडी ठेवू." कावळा उडाला आणि आणखी लांबच्या फांदीवर बसला.

"इतकी गर्दी केल्यावर कुठला पक्षी येईल?" नाना अखेर ओरडले. "साधा पक्षीस्वभाव आहे. सरका मागे सगळे. आणि ते पानही वाऱ्यानं हलतंय, त्यानं बुजतात ते."

आम्ही मुकाट्यानं मागे झालो. नाना पानाला दगडाचा आधार द्यायला कठड्याशी गेले. दगड ठेवला, तरी तिथून हलले नाहीत. आमच्याकडे पाठ होती. मी सगळ्यांत जवळ होते, म्हणून मला ऐकू आलं.

"जेवीन मी," नाना म्हणत होते. "बिस्किटं नाही, नीट भात लावून जेवीन. रोज. तू काळजी करू नकोस. जा आता बाळा."

ते चार पावलं मागे सरले. कावळा आला, पानाच्या कडेला उतरला आणि त्यानं पहिली चोच घातली ती भातात. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"गर्दी हटली म्हणून आला," नाना कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

दुपारी बेल वाजली. दारात नाना. सासूबाईंचं गच्चीवर राहिलेलं तांब्याचं ताम्हन घासून-पुसून आणलं होतं. ते देऊनही उभेच राहिले. मी आत या म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नसावं.

"इंदिराबाई," ते म्हणाले, "कावळ्याचं सोडा. ते मी मानत नाही आणि मानणारही नाही. पण बोलायला मिळतं हो. सुमनच्या वेळी मी ते कुणालाच मिळू दिलं नाही. तिच्या भावाला नाही, मलाही नाही."

सासूबाईंनी ताम्हन छातीशी धरलं. मग म्हणाल्या, "दामले, बसा. गरम आमटी आहे, पान वाढते तुमचं."

"आज नको," नाना म्हणाले. "घरी कुकर लावलाय. शब्द दिलाय मी."