तात्यांची गाडी लालला उभी

आमच्या शेजारच्या भगवानतात्यांच्या घरी न्हाणीत जाताना दारावर लाल टॉवेल टांगावा लागतो, बाहेर आल्यावर हिरवा. सून एकदा हिरवा टांगायला विसरली, तर तात्या बिनआंघोळीचे ओसरीवर बसून राहिले. आत कुणी नाही हे त्यांना दिसत होतं. "दिसण्यावर कारभार चालत न्हाय," म्हणाले.

हे खूळ लागलं लेकीनं दिलेल्या लॅपटॉपवरच्या रेल्वेच्या खेळातनं. रूळ टाकायचे, सिग्नल बसवायचे, गाड्या सोडायच्या. अख्खा जन्म ढोकीच्या शिवारातल्या उसाला पाणी देण्यात गेलेला माणूस, आता दिवसभर रूळ टाकतो. नवी लाईन झाली की लॅपटॉपपुढं नारळ फोडतात. एकदा नारळाचं पाणी आत गेलं आणि काही बटणं कायमची बसली. "निवद पोचला," एवढंच बोलले.

एकाच लाईनवरून दोन्हीकडच्या गाड्या न्यायच्या, ही त्यांची खरी मर्दुमकी. "सामाईक हिरीवाणी हाय बग," मला समजावतात. "पाळीपाळीनं पाणी घेतलं तर कुणाचं अडत न्हाय."

परवा दिवेलागणीला मी विरजण मागायला गेले. घरातली सगळी सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलेली. दार लोटलेलं, आत अंधार, आणि तात्यांचा आवाज.

"तुमी जावा आदी. मी थांबतो की."

मग पुन्हा, "न्हाय, तुमचीच पाळी हाय."

तात्या जावयालासुद्धा तुमी म्हणत नाहीत. डोकावले, तर खोलीत ते एकटेच. लॅपटॉप तेवढा चालू. मी आत गेले.

पडद्यावरही रात्र झाली होती. लाईनच्या एका टोकाला एक गाडी लाल सिग्नलला उभी. दुसऱ्या टोकाच्या गाडीला हिरवा होता, डबे सगळे उजळलेले, आत एक माणूस नाही, आणि ती जागची हलत नव्हती. तिच्यावर नाव होतं, दिगंबर.

दिगंबरदादा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. दोघांत एक विहीर. एका उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला म्हणून तात्यांनी दादांच्या पाळीला आपली मोटर चालू केली. तेव्हापासून दादा त्यांच्याशी बोलले नाहीत, ते न बोलताच यंदा वारले.

"तात्या, ती गाडी बिघडलीय का?" मी विचारलं.

"न्हाय. तिला डायवर दिला न्हाय म्या."

"मग द्या की. न्हायतर तुमची गाडी जन्मभर लालला उभी राहील."

तात्यांनी धोतराच्या सोग्यानं पडदा पुसला, दादांच्या गाडीवरचा तेवढाच. "दादांची गाडी म्या कोण हाकनार? त्यांची पाळी हाय, त्यांच्या मर्जीनं येतील. माजी ऱ्हाऊ दे उबी. त्या उन्हाळ्यात थांबाया पायजे हुतं, तवा थांबलो न्हाय."

तेवढ्यात पलीकडच्या गाडीनं शिट्टी दिली. तात्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"व्हय दादा," ते हळूच म्हणाले, "हाय मी हितंच."