रमणकाकांनी वेबसाइटला स्थळ पाहिलं

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले समस्त नागरिक, बागायतदार, तसंच आमच्या चिकूंवर रोज हात मारणारी वटवाघळं, या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, आमच्या चिकू मंडळाची वेबसाइट, किल्ल्यांसकट, वेवजीच्या रमणकाकांच्या ताब्यात देण्यात आली आहे.

आता रमणकाका कोण? एसटीत बसल्यावर आपली छत्री सीटच्या दांड्याला साखळीने बांधून तिला कुलूप लावणारे ते रमणकाका. एकदा किल्ली घरी राहिली. डहाणू आलं, सगळे उतरले, काका उतरेनात. कंडक्टर म्हणाला, "काका, राहू द्या छत्री, मी सांभाळतो."

काकांनी आपलं नेहमीचं वाक्य टाकलं, "भरोसो छे, पण ताळुं बी छे." म्हणजे भरवसा आहे, पण कुलूपही आहे. आणि छत्रीला सोबत म्हणून त्याच गाडीने परत वेवजीला गेले.

काका गुजरातच्या सीमेवरचे. कुलपाचा विषय निघाला की गुजरातीत शिरतात, बाकीचा संसार मराठीत. त्यांच्या फाटकाला कुलूप, पंपाला कुलूप, पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही कुलूप. मी विचारलं, "काका, टाकीतून काय चोरणार?" तर म्हणाले, "ते चोराला विचार, मला काय विचारतो?"

मंडळाची जुनी वेबसाइट त्यांच्याच मुलीने, जागूने, कॉलेजात असताना बनवली होती. तिने पासवर्ड मंडळाला दिला. आमच्याकडे एक गोष्ट एकाला कळली आणि दुसऱ्याला नाही कळली, की तो दुसरा वर्षभर रुसतो. म्हणून मंडळाने तो पासवर्ड सभेत लाउडस्पीकरवरून वाचून दाखवला. एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, टाळ्यांच्या गजरात पासवर्ड मंजूर झाला. बाहेरच्या भजीवाल्यालाही तो पाठ होता.

मग जे व्हायचं ते झालं. एका सकाळी वेबसाइट उघडली तर चिकू गायब आणि पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात! अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो तेवढा जागेवर होता, त्यामुळे तेच अगत्याने जुगाराला बोलावताहेत असं दिसत होतं. अध्यक्षांच्या सासुरवाडीहून फोन आला. मंडळ हादरलं आणि एकमुखाने म्हणालं, "रमणकाकांना बोलवा!"

डहाणू स्टेशनजवळ निकिताचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. काका, अध्यक्ष आणि मी तिथे गेलो. तिने समजावलं, "काका, आता नवीन कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम निवडावी लागेल. म्हणजे वेबसाइटचा आतला कारभार. भाव, फोटो, मजकूर तिथूनच बदलायचा. त्यात पुष्कळ प्रकार आहेत."

"दाखव," म्हणत काका खुर्चीत असे टेकून बसले, जसा वधुपिता पोहे यायच्या आधी बसतो.

पहिलं स्थळ एकदम प्रसिद्ध. निकिता म्हणाली, "हे खूप लोक वापरतात. फक्त आपल्याला हव्या त्या सोयींसाठी बरेच प्लगइन जोडावे लागतील. म्हणजे निरनिराळ्या लोकांनी बनवलेले जादा तुकडे."

"म्हणजे नवरदेव चांगला, पण वरातीतले मामे दुसऱ्यांचे," काका म्हणाले. "त्यातला एक मामा पिऊन आला तर?"

"तर तिथूनच चोर शिरतो, काका."

"पुढचा दाखव."

दुसरं देखणं होतं. मी भाळलो. काकांनी विचारलं, "याची डागडुजी शेवटची कधी झाली?" निकिताने पाहिलं. बनवणाऱ्यांनी कित्येक वर्षांत लक्षच दिलेलं नव्हतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तू लग्नसुद्धा असंच केलं असशील."

तिसरं साधं, सावळं म्हणावं असं. तुकडे मोजकेच, दुरुस्त्या वेळेवर येणाऱ्या, आत शिरताना पासवर्डशिवाय मोबाइलवरचा आकडाही मागणारं. रोजची एक प्रत वेगळीकडे जपून ठेवायची सोयही होती. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "जमलं!"

मग अधिकार वाटले गेले. भाव लिहिणाऱ्याला फक्त भाव. अध्यक्षांना फक्त स्वतःचा फोटो. मला लेख लिहायची परवानगी, छापायची नाही. "तुझ्या तोंडाला कुलूप मिळत नाही ना बाजारात," काका म्हणाले.

राहिली संदेशपेटी. तीही जागूनेच बनवलेली. वेबसाइटवर येणारा कुणीही तिथे निरोप टाकू शके, आणि टाकत होतं कोण? कर्ज देणारे, केस उगवणारे, लॉटरीवाले. हा सगळा कचरा काका रोज सकाळी चहाच्या आधी शेवटपर्यंत वाचत. खालचं नाव बघत, मगच चहा घेत. एकदा एका तेलवाल्याला त्यांनी उत्तरही पाठवलं होतं: "केस आहेत. तुमच्या घरी सगळे बरे ना?" आम्ही पोट धरून हसलो होतो.

इथे एक सांगायला हवं. जागूने स्वतःच्या पसंतीने सुरतेला लग्न केलं, तेव्हा काकांनी रागाच्या भरात घराच्या दाराचं कुलूप बदललं. ते पहिलं, बाकीची नंतर आली. तिचा फोन नाही, यांचाही नाही. काकी तर आधीच गेलेल्या. या विषयावर वेवजीत कुणी अक्षर काढत नाही. मला लेख छापायची परवानगी का नाही, ते तुम्हाला आता कळलं असेल.

तर निकिता म्हणाली, "काका, ही पेटी उघडी ठेवणं बरं नाही. आपण सभासदांना पासवर्ड देऊ. ज्याच्याकडे पासवर्ड, त्यानेच लिहायचं."

अध्यक्ष म्हणाले, "मंजूर." मी अनुमोदन दिलं. आता फक्त काकांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हणायचं बाकी होतं. आम्ही वाट बघत होतो. निकिताचं बोट बटणावर होतं.

काका खुर्चीतून उठले. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा टेबलाला लागून खणखणला. त्यांनी निकिताचा हात धरला आणि रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने ओरडले,

"अगं, पण मग जागूला पासवर्ड कोण देणार?"