निरंकची लागण

"फॉर्म मी भरतो," असं मी म्हणालो. बस, एवढंच. पुढचं सगळं रामायण या तीन शब्दांतून घडलं, म्हणून ते आधीच कबूल करून टाकतो.

मुलीला परदेशात जाऊन डॉक्टरकी शिकायची होती. दोन वर्षं ती मान मोडून अभ्यास करत होती. मार्क चांगले पडले, इंग्रजीची परीक्षा झाली, आणि 'मला डॉक्टर का व्हायचंय' हा निबंध तिनं अकरा वेळा लिहून फाडला. बाराव्यांदा लिहिलेला आईला वाचून दाखवला. (मला नाही. मी त्यात 'सविनय सादर' घुसडेन, असं तिचं म्हणणं.) चार कॉलेजांनी नकार कळवला होता. हे पाचवं आणि शेवटचं.

अर्जाची मुदत ज्या दिवशी संपत होती, त्याच दिवशी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा होती. दारात बूट घालता घालता ती म्हणाली, "बाबा, मी सगळं भरलंय. फक्त पालकांची माहिती भरा, मार्कशीट जोडा आणि पाठवून द्या. बाकी कशाला हात लावू नका."

"अगं, अठ्ठावीस वर्षं कचेरीत फॉर्मच तपासतोय मी!"

"म्हणूनच सांगतेय ती," बायको आतून म्हणाली.

माझी माहिती दहा मिनिटांत भरून झाली. मग सहज वर नजर टाकली, तर पोरीनं सात रकाने चक्क कोरे सोडलेले! आता तुम्हाला आमच्या आवक-जावक विभागाचा नियम सांगायला हवा. आमचे जुने साहेब म्हणायचे, "कोरा रकाना म्हणजे उघडं दार. उद्या कोणीही काहीही लिहून जाईल." लिहिण्यासारखं काही नसेल तर तिथं 'निरंक' लिहायचं. निरंक म्हणजे इथं काही नाही. हा शब्द माझ्या हाताला इतका बसलाय, की लग्नाच्या नोंदणीच्या अर्जात 'ओळखीची खूण' यापुढे निरंक लिहिलं आणि त्याच ओघात पुढच्या रकान्यातही लिहिलं. पुढचा रकाना वधूच्या नावाचा होता. (हा विषय आमच्याकडे वर्षातून दोनदा निघतो.)

मी इंग्रजीत 'निल' टाइप केलं. लगेच खाली लाल अक्षरं उमटली : किमान पाच अक्षरं हवीत. 'नो' टाकलं, तरी तेच. कोरं सोडलं असतं तर कॉम्प्युटरची काही तक्रार नसती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मी डोकं चालवलं आणि इंग्रजी लिपीत 'निरंक' लिहिलं. सहा अक्षरं! कॉम्प्युटर मुकाट्यानं पुढे सरकला. सध्या असलेले आजार : निरंक. घरात बोलली जाणारी अन्य भाषा : निरंक. पूर्वी झालेली शिक्षा : निरंक. असे सातही रकाने मी भरून काढले. पत्रव्यवहारासाठी तिनं स्वतःचा ईमेल दिला होता, तो खोडून माझा घातला. अशा गोष्टी पालकांमार्फत झालेल्या बऱ्या.

संध्याकाळी ती दमून आली. "पाठवलात?"

"एकही रकाना कोरा नाही," मी म्हणालो.

तिनं गळ्यात हात टाकला. पुढचे चार दिवस मी घरात छाती काढून वावरत होतो.

पाचव्या दिवशी कचेरीत असताना ईमेल आला. कॉलेजच्या प्रवेश विभागातल्या बाईंनी फार अदबीनं विचारलं होतं : निरंक हा आजार शरीराच्या कोणत्या अवयवाला होतो? आमच्या डॉक्टरांना तो पुस्तकांत सापडला नाही. निरंक ही भाषा किती लोक बोलतात? आमच्या भाषा विभागाला कुतूहल आहे. शिवाय, शिक्षेच्या रकान्यात निरंक लिहिलं आहे, तो गुन्हा आहे की तुरुंग?

शहाण्या माणसानं हे मुलीला दाखवलं असतं. पण आमच्या विभागात पत्र आलं की त्याच दिवशी खुलासा जातो, ही माझी ख्याती आहे. मी इंग्रजीत खुलासा लिहिला. त्याचा मराठीत मथितार्थ असा : "निरंकबद्दल काळजी नसावी. आमच्याकडे ते सर्रास आढळते. मला स्वतःला अठ्ठावीस वर्षांपासून आहे. मला ते जुन्या साहेबांकडून मिळाले आणि मी हाताखालच्या दोघांना दिले. मुलीच्या अर्जात आले ते माझ्यामुळेच, तिचा काही दोष नाही." एकदा वाचून पाहिलं. कुठं म्हणून चूक नव्हती. पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर. आमच्या कचेरीतल्या परिस्थितीबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. आजार एकाकडून दुसऱ्याला होत असल्यामुळे अर्ज तूर्त थांबवला होता. गुरुवारी तीन जणांची समिती मुलीशी व्हिडिओवर बोलणार होती, त्यांत एक संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर. आणि मी शक्यतो लोकांत मिसळू नये, असा खास माझ्यासाठी सल्ला.

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी फोन मुलीच्या हातात दिला. तिनं दोन्ही पत्रं वाचली, मधला माझा खुलासाही वाचला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, हे शेवटचं कॉलेज होतं," एवढंच म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

मला खरंच फार वाईट वाटलं. तिची दोन वर्षं, ते बारा निबंध, आणि मी सहा अक्षरांत सगळ्यावर पाणी फिरवलं होतं.

बायको म्हणाली, "भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत केलीत पोरीची."

"मी आत्ता एक सविस्तर खुलासा—"

"खबरदार!" तिनं कीबोर्ड उपटला, कपाटात ठेवला आणि किल्ली पदराला बांधली.

गुरुवारी मुलगी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली. मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, पुढ्यात सोलायला वाटाणे. भिंत पातळ असल्यानं सगळं ऐकू येत होतं. पहिलाच प्रश्न निरंकचा.

मुलीनं शांतपणे सांगितलं, "सर, निरंक म्हणजे काही नाही. माझे वडील क्लार्क आहेत. कोरा रकाना दिसला की त्यांना राहवत नाही."

मग एक जण हसला, मग दुसरा, आणि मग तिघंही असे हसत सुटले, की मला वाटलं मुलाखत आटोपली. इतक्यात रोगांच्या डॉक्टरांनी गंभीर होऊन विचारलं, "उद्या तुमच्यासमोर पेशंट आहे आणि त्याचे नातेवाईकच चुकीची माहिती देताहेत. काय कराल?"

"नातेवाइकांना चहा प्यायला बाहेर पाठवेन आणि पेशंटला विचारेन," मुलगी पटकन म्हणाली.

"आणि त्यांचा हेतूच वाईट असेल तर?"

"नसतो सर. फार जीव असतो त्यांचा. म्हणून तर त्यांना आवरणं अवघड जातं."

"ऐकलंत?" बायको हळूच म्हणाली. मी मान खाली घालून वाटाणे सोलत राहिलो. डोळे भरून आले होते, त्यामुळे काही दाणे सालांत गेले आणि सालं दाण्यांत.

तीन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं. अर्थात तिच्या ईमेलवर. तिनं आधी आईला मिठी मारली, मग मलाही मारली. मी म्हणालो, "चुकलो गं." ती म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे ते निदान हसले तरी. आधीच्या चार कॉलेजांनी तर मुलाखतीत कॅमेराही लावला नव्हता." मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे अप्रत्यक्षपणे का होईना, प्रवेश माझ्यामुळेच झाला होता! हे मी दुसऱ्या दिवशी कचेरीत सात जणांना सांगितलं.

मग वसतिगृहाचा फॉर्म आला. तो तिचा तिनं भरला. पाठवण्याआधी मला लांबून बघायची परवानगी मिळाली, हात मागे बांधून. अडीअडचणीला कोणाला कळवावे? आईचं नाव. आई न भेटल्यास? मामाचं नाव. मी जरा हिरमुसलो, पण खालच्या चौकटीत मला माझं संपूर्ण नाव दिसलं, नंबर आणि ईमेलसकट, अगदी बिनचूक. म्हटलं, चला, लेकीनं आठवण ठेवली. चष्मा पुसून वरचा प्रश्न वाचला. 'तुमच्याविषयीची माहिती कोणाला देऊ नये असे वाटते?'

शेजारी कारणाचा रकाना होता. तोही तिनं कोरा सोडला नव्हता.

"ते लगेच उत्तर पाठवतात."