एक काउंटी कोरी

मार्डेल टेसडॉल हॉलव्हर्सन काउंटी खोडायला बसली तेव्हा तिचा नवरा वर्लिन केस कापायला गेला होता. त्याच्या डोक्यावर कापण्याजोगं फारसं उरलं नव्हतं, पण न्हाव्याच्या खुर्चीत बसला की तो हमरस्त्यांवर बोलत सुटायचा. म्हणजे तिच्या हातात चांगला तासभर होता.

स्वयंपाकघरात, डीप फ्रीजच्या वर, अख्ख्या अमेरिकेचा भिंतभर नकाशा लावलेला होता. देशातली काउंटी न् काउंटी, म्हणजे एकेक जिल्हाच, त्यात आखलेली. ज्या काउंटीतून दोघं एका गाडीतून गेले, ती वर्लिन नारिंगी पेन्सिलीने रंगवायचा. चाळीस वर्षांत तीन हजार काउंट्या झाल्या होत्या. गेल्या शरदात काउंट्या मोजणाऱ्यांच्या क्लबने त्याबद्दल पितळी पाटी दिली, केक कापला, आणि वर्लिनने पाऊण तास भाषण केलं. आयोवाच्या रस्ते खात्यात तीस हिवाळे बर्फ उपसणारी गाडी चालवलेला माणूस. रस्ता म्हटला की त्याच्या तोंडाला ब्रेक नसायचा.

खेळाचे नियम सोपे होते. काउंटीची हद्द ओलांडली की काउंटी झाली. उतरायची गरज नाही. वर्लिन सांगायचा, आम्ही तीन हजार काउंट्या पाहिल्या. मार्डेलच्या मते त्यांनी तीन हजार काउंट्यांमधले पेट्रोल पंप पाहिले होते. आणि दुसरा नियम वर्लिनचा स्वतःचा होता: एकदा रंगवलेल्या काउंटीत पुन्हा पेट्रोल जाळायचं नाही.

मार्डेलचं दुखणं नेमकं तिथे होतं. उत्तर मिनेसोटातल्या हॉलव्हर्सन काउंटीत मिटन लेक नावाचं तळं आहे. तिच्या आत्याची तिथे लाकडी खोली होती. नऊ, दहा आणि अकरा वर्षांची असताना तीन उन्हाळे ती तिथे राहिली. धक्क्याच्या टोकाला बसून पाण्यात पाय सोडायचे, लून पक्ष्याने हाक दिली की तश्शीच हाक परत द्यायची, आणि जेवायला बोलावलं तरी उठायचं नाही. त्यानंतर आयुष्यात बरंच काही चांगलं झालं, वर्लिनही त्यातच आला, पण तितकं निवांत तिला पुन्हा कधी वाटलं नाही. वर्लिनला तिथे नेऊन शेजारी बसवायचं, एवढीच तिची इच्छा होती.

चौऱ्याण्णव साली ते तिकडून जाणार होते. वर्लिनने थांबायचंही कबूल केलं होतं. पण मार्डेलने सर्दीची गोळी घेतली आणि तिला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी दोन काउंट्या पुढे गेलेली. "तळं गेलं की," वर्लिन म्हणाला होता. "छान आहे हं. होड्याबिड्या होत्या. तू इतकी शांत झोपली होतीस, उठवावंसं वाटेना."

माझ्या तळ्यावरून गेला आणि मला उठवलं नाही, हे तिच्या मनात एकतीस वर्षं सलत राहिलं. एकदा तिने परत जाऊ या म्हणून पाहिलं. "झालेली काउंटी आहे ती," वर्लिन म्हणाला आणि गॅरेजमध्ये निघून गेला. मग तिनेही हट्टाने विषय सोडला. आता ती एकाहत्तरची होती, एक गुडघा नवा बसवलेला होता, दुसरा रांगेत उभा होता. हट्ट करायला वेळ उरला नव्हता, म्हणून तिने खोडरबर उचललं.

हॉलव्हर्सन काउंटी नखाएवढी. एकतीस वर्षं मुरलेला रंग काही सुखासुखी निघेना. मार्डेलने थुंकी लावून जोर केला आणि गव्हाबरोबर किडे रगडले गेले: डावीकडची बर्च काउंटी अर्धी पुसली, खालची पिजन काउंटी फिक्कट पडली. अर्धवट काउंटी म्हणजे सरळ सरळ पुरावा. तिने त्या दोन्हीही पुसून टाकल्या.

संध्याकाळी वर्लिन फ्रीजमधून आइस्क्रीम काढायला गेला आणि डबा हातात धरून तसाच उभा राहिला.

"मार्डेल, इकडे ये जरा. ह्या तीन..."

"काय झालं?" मार्डेलने बशा पुसत विचारलं. भांडणाची तिने दुपारपासून तयारी केली होती.

"ह्या तीन कोऱ्या आहेत."

"अगंबाई! खरंच की. रंगवायच्या राहिल्या, का जायच्याच राहिल्या?"

वर्लिनने तिच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "जायच्याच राहिल्या असतील," तो हळूच म्हणाला. "जाऊन येऊ या."

मार्डेलच्या हातून बशी सुटता सुटता राहिली. बिल क्लिंटनच्या काळात कोणत्या पंपावर कोणी पेट्रोल भरलं हे आठवणारा हा माणूस, आणि एका वाक्यात हार मानतो? वय झालं बिचाऱ्याचं, असं तिला वाटलं. खरं सांगून टाकावं असंही वाटलं, पण तळ्याची ओढ जास्त होती. ती गप्प बसली.

गप्प बसणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच टिकलं. क्लबची सेक्रेटरी लवोन हिने रूबार्बच्या वड्यांची कृती विचारायला फोन केला, आणि मार्डेलच्या तोंडून निघून गेलं की आम्ही मिनेसोटाला निघालोय, तीन काउंट्या राहिल्यात.

"राहिल्यात?" लवोन म्हणाली. "म्हणजे गेल्या शरदात तुमच्या दोन हजार नऊशे सत्त्याण्णव होत्या? आणि मी त्या केकवर तीन हजार लिहून घेतलं?"

"अगं, नजरचूक झाली."

"नजरचूक काउंटीची होत नाही, मार्डेल. नवऱ्याची होते. आता तोंडी चालायचं नाही. तिन्ही ठिकाणी कोर्टाच्या दारात दोघांचा फोटो पाहिजे. नाहीतर सप्टेंबरच्या सभेत पाटी परत."

मार्डेलला तिची पापी घ्यावीशी वाटली. हॉलव्हर्सन काउंटीचं कोर्ट मिटन लेकच्या काठावरच्या गावात होतं. आता वर्लिनला हद्दीवर चाक टेकवून मागे फिरता येणार नव्हतं. तिने हे त्याला सांगितलं तेव्हा तो फक्त "कोर्टापर्यंत?" एवढंच म्हणाला आणि खुर्चीत बसला.

ते पहाटे निघाले. मागच्या सीटवर अंड्याची सँडविचेस, वड्या आणि कॉफीचे दोन थर्मास. या वेळी डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही असा मार्डेलने पण केला होता, म्हणून दर अर्ध्या तासाला कॉफी. त्यामुळे दर तासाला गाडी थांबवावी लागली. एरवी वर्लिन एवढ्यात घड्याळ ठोकत बसला असता. आज तो दार उघडून द्यायचा. "जा, सावकाश ये. घाई नाही."

चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने घाई नाही म्हटलं की बायकोने सावध व्हावं. मार्डेल सावध झाली.

बर्च काउंटी लागली. इथे ते येऊन गेले होते हे दोघांनाही पक्कं माहीत होतं.

"ह्याच वळणावर तुझी टोपी..." वर्लिन म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

"माझी टोपी काय?"

"छान दिसतेय. आजची."

त्या वळणावर तिची गवती टोपी उडून मक्यात गेली होती, हे मार्डेललाही लख्ख आठवत होतं. पण तिलाही बोलायची सोय नव्हती. "किती नवीन वाटतंय नाही सगळं?" ती म्हणाली.

"अगदीच नवीन," वर्लिन म्हणाला. मैलभर दोघंही खिडकीबाहेर बघत राहिले, आपापल्या बाजूच्या.

बर्चच्या कोर्टासमोर फोटो झाला, पिजनच्या झाला. दुपारी चारच्या सुमारास हॉलव्हर्सन काउंटीची पाटी आली आणि वर्लिनचा वेग पंचावन्नवरून तिसावर आला. तो मान इकडेतिकडे वळवून वळवून पाहत होता. मागचा ट्रक भोंगा वाजवून पुढे निघून गेला.

"काय शोधतोयस?" मार्डेलने विचारलं.

"शोधतोय कुठे? रस्ता बदललाय जरा."

"तळं कुठल्या बाजूला होतं रे? मी तर लहान होते, आणि आम्ही पलीकडच्या अंगाने यायचो. तू पाहिलंयस."

"डावीकडे," वर्लिन लगेच म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "बहुतेक."

"फोनला विचारते."

"फोनला?" तो दुखावून म्हणाला. "तीस वर्षं धुक्यात बर्फ उपसलाय मी. मला तळं सापडत नाही होय?"

पुढच्या मिनिटाला डावीकडे झाडांमागे पाणी चमकलं आणि वर्लिनने ब्रेक दाबून गाडी कच्च्या रस्त्यावर घातली. रस्ता तारेच्या कुंपणाशी संपला. वर्लिन उतरला, मार्डेलच्या बाजूचं दार त्याने उघडलं, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"बघ, मार्डेल. तुझं तळं. चौऱ्याण्णवमध्ये होतं तस्संच आहे."

मार्डेल कुंपणाशी गेली. समोर चार तळी होती, चारही चौकोनी, एकाच मापाची, पाणी हिरवटकाळं. एका कोपऱ्यात पंप घरघरत होता. वाऱ्याची झुळूक आली आणि तिने रुमाल नाकाला लावला. कुंपणावरची पाटी तिने दोनदा वाचली.

"वर्लिन," ती म्हणाली, "हे गावाचं सांडपाणी आहे."

"असं?"

"असं. तू तेव्हा म्हणालास, होड्या होत्या. इथे कोण होडी घालेल?"

वर्लिनने पाण्याकडे पाहिलं. तिथे होडी घालणारा माणूस कल्पनेतही उभा करता येईना. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"तुला कळलंयच सगळं," तो म्हणाला. "नकाशा पुसलास तेव्हाच मला कळलं की तुला कळलंय. तीन का पुसल्यास ते माहीत नाही, एकच खोटी होती. पण मी कुठल्या तोंडाने विचारू?"

"काय खोटी होती?"

"मी इथे आलोच नव्हतो गं. रस्त्याचं काम चालू होतं, वळण घ्यायला लावलं, आणि मी चुकलो. मी! दोन तास जंगलात फिरलो. तळं तळं करत प्रत्येक फाट्यावर वळलो. मग अंधारून आलं, आणि तू उठलीस. रस्ते खात्याचा माणूस रस्ता चुकला हे कसं सांगू? म्हटलं, तळं गेलं. घरी येऊन रंगवलं. तेव्हापासून त्या नारिंगी ठिपक्याकडे बघितलं की मला जेवण जात नाही. म्हणून परत यायला नको म्हणायचो. इथे आलो असतो तर पहिल्याच फाट्यावर माझं बिंग फुटलं असतं."

मार्डेलने कुंपणाची तार धरली.

"बोल ना," वर्लिन म्हणाला. "शिव्या दे."

"म्हणजे तू मला उठवलं नाहीस, कारण..."

"कारण तळं आलंच नाही! आलं असतं तर उठवलं नसतं का मी तुला? अख्खा रस्ताभर त्या तळ्याचं बोलत होतीस. हलवून हलवून उठवलं असतं."

मार्डेलला रडू फुटलं. एकतीस वर्षं मनात धरलेली गोष्ट घडलीच नव्हती. दोन तास हा माणूस तिला झोपू देऊन, घामाघूम होऊन, एकटाच तिचं तळं शोधत हिंडला होता. ती कुंपण धरून रडत राहिली, वास येत होता तरी रुमाल डोळ्यांना लावून रडत राहिली. वर्लिनला वाटलं, आता हिने आपल्याला कायमचं टाकलं.

"मला काहीच कळलं नव्हतं, वर्लिन," ती शेवटी म्हणाली. "मला तळ्यावर यायचं होतं, म्हणून मी ती पुसली. बाकीच्या दोन रबराने गेल्या."

वर्लिनला हे समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं?"

"नाही."

"मग मी कशाला बोललो!" वर्लिन कळवळून म्हणाला, आणि मार्डेल रडता रडता इतकी हसली की पंपावरचा माणूस बाहेर येऊन बघू लागला. मिटन लेक कुठे, ते त्यालाच विचारलं. वर्लिनने विचारलं. हमरस्त्याच्या उजवीकडे, दोन मैल.

आत्याची खोली राहिली नव्हती. तिथे तीन मजली घर झालं होतं आणि धक्क्यावर साखळी होती. गावाच्या बाजूला होड्या उतरवायचा सिमेंटचा उतार होता. तिथे ते बसले. मार्डेलने मोजे काढले. वर्लिनने तिला धरून खाली बसवलं, मग स्वतःचे बूट काढले, आणि गार पाणी घोट्याला लागल्यावर ओरडला. तळ्याच्या मध्यावरून लूनने हाक दिली. मार्डेलने परत दिली. तिचा आवाज आता घोगरा होता, तरी पक्ष्याने उत्तर दिलं.

"अशी बसायचीस?" वर्लिनने विचारलं.

"अशीच."

तेवढ्यात लवोनचा फोन आला. कोर्टाचा फोटो अजून आला नाही, म्हणाली.

"उद्या काढतो," वर्लिनने सांगितलं आणि फोन बुटात टाकला.

ते चार दिवस राहिले. घरी परतल्यावर वर्लिनने पेन्सिलीला टोक केलं, बर्च रंगवली, पिजन रंगवली, आणि पेन्सिल खिशाला लावली.

"अरे, हॉलव्हर्सन?" मार्डेल म्हणाली.

"फोटो कुठंय? फोटोशिवाय कशी रंगवणार? पाटी जाईल ती जाईल. पुढच्या जूनमध्ये परत जावं लागणार, दुसरं काय!"

पुढच्या जूनमध्ये ते अकरा दिवस राहिले. कोर्ट सिमेंटच्या उतारापासून दोनशे पावलांवर होतं. फोटो काढायला काही त्यांना वेळ झाला नाही.