तेरा डबे खत

हेडक्लार्कसाहेबांच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट पूर्ण यशस्वी झाली, ती म्हणजे खत. आणि ती इतकी यशस्वी झाली की घरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

सुरुवात अगदी साधी होती. भाजीची सालं कचऱ्यात देण्यापेक्षा एका ड्रममध्ये टाकू, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण हा माणूस पाणीपुरवठा कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेला. एक काम अंगावर घेतलं की शेजारच्या टेबलावरचंही ओढून घ्यायची त्यांना खोड. (पगार तेवढाच राहतो, हे बायकोने अनेकदा सांगून पाहिलं होतं.) आधी घरची सालं, मग वरच्या मजल्यावरच्या मावशींची सालं, मग ऑफिसच्या कॅन्टीनमधला चहाचा चोथा, मग फुटपाथवरचा पालापाचोळा. एका ड्रमचे तीन झाले. सहा महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत, हातात घेऊन नुसतं बघत बसावं असं खत तयार झालं.

आणि बाग? बाग म्हणजे खिडकीतल्या चार कुंड्या. त्यांना खत खाऊन खाऊन अजीर्ण झालं. गुलाबाने मान टाकली. मिरचीने त्याच्याही आधी.

उरलेलं खत पोत्यात भरून मागच्या खोलीत गेलं. ती खोली बायकोची. तिथे तिचं शिवणयंत्र, कापडाचे तागे आणि मोठा आरसा. पंधरा वर्षं तिने लोकांच्या पँटी आखूड केल्या आणि परकरांना नाड्या घातल्या. आता कुठे पहिल्यांदा मोठं काम आलं होतं. एका नावाजलेल्या गायिकाबाईंचा गाऊन! शनिवारी संध्याकाळी पाचला बाई येणार, अंगावर घालून बघणार आणि तसाच कार्यक्रमाला घालून जाणार. गाऊनला पाठीवर बावीस बटणं लागायची होती. शिंपल्याची, बाईंच्या दिवंगत आईच्या गाऊनवरून काढलेली. "जिवापलीकडे जपा," असं म्हणून त्यांनी ती बायकोच्या ओंजळीत ठेवली होती.

"अहो, शनिवारी त्यांना मी बसवू कुठे?" बायको म्हणाली. "खताच्या पोत्यावर?"

"दोन दिवसांत खोली रिकामी करतो."

"टाकून द्या ना सरळ."

टाकून द्या! सहा महिन्यांची तपश्चर्या! छे. लोकांना भेट द्यायची. छान डब्यातून, वर लेबल लावून. लोक आयुष्यभर नाव काढतील. (लोकांनी नाव काढलं, पण ते पुढे येईलच.)

डबेही घरातच होते. बायकोकडे दोरे संपून उरलेले गोल पत्र्याचे डबे होते, सगळे एकसारखे, फडताळात रचून ठेवलेले. हेडक्लार्क दारात उभे राहिले.

"अगं, ते डबे घेऊ का?"

बायको कापडावर वाकलेली. तोंडात सात-आठ टाचण्या.

"हं," ती म्हणाली.

तोंडात टाचण्या असताना बाई याशिवाय दुसरं काही बोलूच शकत नाही, हे लग्नाला एकवीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण साहेबांनी मंजुरी मिळाली असं समजून डबे उचलले. बारा डबे खताने भरले, झाकणं लावली आणि मग हाडाच्या कारकुनाप्रमाणे चिकटपट्टी आणि लेबलं घेऊन बसले. 'घरगुती खत. प्रेमाने वापरावे.' समोर येईल त्याच्यावर उघडून न बघता शिक्का मारायचा, हा सव्वीस वर्षांचा सराव. टेबलावर डबे तेरा होते. त्यांनी तेराही डब्यांना लेबलं लावली.

शुक्रवारी वाटप झालं. ऑफिसात दहा डबे गेले, त्यातला एक थेट मोठ्या साहेबांना. उरलेल्यातला एक मावशींना, आणि दोन डबे दातांच्या डॉक्टरांना, कारण डॉक्टर तोंडात हत्यार घालून उभे असतात तेव्हा माणसाला उदार व्हावंसं वाटतं. घरी येऊन हेडक्लार्क समाधानाने झोपले.

शनिवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीतून आवाज आला.

"अहो, इथला डबा कुठे गेला?"

"कुठला?"

"बटणांचा! कापसात गुंडाळून ठेवली होती!"

तेरावा डबा हेडक्लार्कांना जरा हलका लागला होता खरा. पण खत सुकलं असेल, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं होतं. त्यांनी सगळं खरं सांगितलं. बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आईची आठवण होती हो त्यांची. आता काय तोंड दाखवू?"

साहेबांना फार वाईट वाटलं. खताच्या पोत्यात स्वतःलाच घालून वरून पाणी मारावं, असं वाटलं.

दोघं लगेच निघाली. पहिल्यांदा वरच्या मजल्यावर. बेल वाजवली. आतून मावशींचा आवाज आला, "कोण?" साहेबांनी सांगितलं. आतून आणखी एक कडी लागल्याचा आवाज आला.

"मावशी, तो खताचा डबा..."

"नको रे बाबा! एक दिलास तेवढा पुष्कळ झाला!"

"द्यायला नाही आलो, परत न्यायला आलोय!"

दार तीन बोटं उघडलं. "परत? आधी नाही का सांगायचंस? मी तो सलूनवाल्याला देऊन टाकला. त्याच्या दाराशी कुंडी आहे ना."

मोठ्या साहेबांना फोन लावला. ते घाईघाईने म्हणाले, "उत्तम आहे हो खत, झाडं काय तरारली आहेत!" एका रात्रीत? बायकोने फोन हातातून घेतला आणि सरळ विचारलं, तेव्हा मोठे साहेब जरा खाकरले. दाढी करायला गेलो होतो, तिथेच सलूनमध्ये विसरलो म्हणाले. ऑफिसातले इतर काही जणही असेच विसरले होते. दातांच्या डॉक्टरांनी तर खोटंही बोलायचे कष्ट घेतले नाहीत. "सलूनवाल्याकडे पाठवले. त्याला झाडांची आवड आहे."

हेडक्लार्कांचा चेहरा उतरत चालला होता. पण बायकोच्या चेहऱ्यावर मात्र जरा रंग येऊ लागला. ती झपझप चालायला लागली.

सलूनमध्ये साहेब दहा वर्षांनी पाऊल टाकत होते. त्यांच्या डोक्यावर आता कापण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आत आरशाखालच्या फळीवर पावडर आणि फवाऱ्याच्या बाटलीशेजारी नऊ डबे ओळीने मांडलेले. नऊच्या नऊ बंद. एकाचीही चिकटपट्टी हललेली नव्हती.

"न्या ना, सगळे न्या!" बायकोने डबे मागताच सलूनवाला हात जोडून म्हणाला. "कालपासून जो येतोय तो डबा ठेवून पळतोय. म्हणे तुमच्या कुंडीसाठी. अहो, कुंडीतलं झाड प्लास्टिकचं आहे!"

बायको एकेक डबा हातात घेऊन तोलू लागली. पहिले सहा जड. सातवा उचलला आणि ती थांबली. कात्रीने चिकटपट्टी कापली. आत कापूस. कापसात बावीस बटणं, चमचमणारी. तिने दोनदा मोजली. मग गिऱ्हाइकाच्या खुर्चीत धपकन बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हेडक्लार्कांच्या छातीवर सकाळपासून बसलेला दगड एकदम उतरला, इतका मोकळा श्वास त्यांनी कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

"बरं झालं बाई, कोणीच उघडून पाहिलं नाही," बायको डोळे पुसत म्हणाली. "पाचला अजून पाच तास आहेत. सगळी लावून होतील."

कोणीच उघडून पाहिलं नाही. हे वाक्य साहेबांना दुसऱ्यांदा मनात ऐकू आलं तेव्हा जरा टोचलं.

"पण बाई," सलूनवाल्याने विचारलं, "हा खत वाटत सुटलेला माणूस आहे तरी कोण? तुम्ही ओळखता?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग बटणांकडे पाहिलं.

"चेहऱ्याने ओळखते," ती म्हणाली आणि डबा छातीशी धरून घाईघाईने बाहेर पडली.

"आणि तुम्ही?"

"मी? छे, छे!" साहेबांनी दोन्ही हात जोरजोराने हलवले. दहाही नखं काळीकुट्ट होती.

सलूनवाला ती नखं बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू वर चढली आणि साहेबांच्या गुळगुळीत टकलावर येऊन थांबली.

"साहेब," तो अगदी अदबीने म्हणाला, "खत एवढं चांगलं आहे, तर आधी घरच्या जमिनीत टाकून बघायचं होतंत."