तिरपं पाहणारे रामदासभाऊ

आमचे रामदासभाऊ कुठलीही गोष्ट सरळ पाहत नाहीत. आधी नाकावरचा काळा गॉगल सारखा करतात, मग मान डाव्या खांद्याकडे कलंडवतात आणि मग पाहतात. प्राचार्य रागावत असले तरीसुद्धा. नव्या प्राचार्यांना बरेच दिवस वाटत होतं, की यांची मान लचकली आहे.

आरमोरीच्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. मी तोच विषय शिकवतो. निदान माझा तसा समज आहे. "सर, पाण्यावर आपटून आलेला उजेड एकाच दिशेनं हलून राह्यते," ते मलाच ऐकवतात. "हा गॉगल त्याले अडवते. चमक गेली का खालची मासोळी दिसते. मान कलवली का चमक वापस." याला ध्रुवीभवन म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण ते तलावाच्या पाळीवर जाऊन पाहावं असं कधी सुचलं नव्हतं.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. एकदा भाऊंनी पाळीवरून धाकट्या भावाला फर्मावलं, "हाण जाळं, इथीच आहे!" त्यानं फेकलं. जाळं रिकामं. मासा पाण्यात दिसतो नेमका तिथंच नसतो, हे आमचे शास्त्रज्ञ विसरले होते. धाकटा एवढंच म्हणाला, "भाऊ, तू कॉलेजातच राह्य बापा."

कुणाचा टीव्ही बंद पडला की हे हजर. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबायचं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड पडद्यावर जांभळट लुकलुकतो. "रिमोट जिता आहे बाई, टीव्ही मेला." एवढं निदान करूनही चहा क्वचितच मिळतो.

हे वेड आलं मुलीमुळं. वर्षा एकुलती एक, माझीच विद्यार्थिनी. सहा वर्षांपूर्वी ती दूर पहाडावरच्या वेधशाळेत संशोधनाला निघाली तेव्हा भाऊ भडकले. "गेलीस तर मले फोन करू नको!" मुलगी बापाच्याच वळणाची. तिनं शब्द पाळला. फोन येतो तो आईला. भाऊ बाजूच्या खोलीत कान लावून बसतात आणि कानावर पडलेलं सगळं दुसऱ्या दिवशी मला विचारतात. सक्रिय दीर्घिका म्हणजे काय? तिच्या मधल्या कृष्णविवराभोवतीचा झगमगाट धुळीआड दडला, तर वर्षाले तो कसा कळते?

मी सांगितलं, की थेट उजेड धूळ अडवते, पण थोडा वरच्या वायूच्या ढगावर आपटून बाजूनं येतो. तो ध्रुवीभूत असतो, त्यावरून आतलं ओळखायचं. शिवाय तापलेली धूळ अवरक्त उजेडात दिसते. "म्हणजे पोरगी बी तिरपंच पाह्यते," असं म्हणून भाऊंनी त्याच आठवड्यात गॉगल आणला.

यंदा आमच्याच कॉलेजात वर्षाचं व्याख्यान ठरलं. सकाळी नागपूरहून यायचं, दुपारी परत. भाऊंनी महिनाभर खपून एक प्रश्न तयार केला आणि माझ्याकडून चारदा तपासून घेतला. धुळीतून गाळून आलेला उजेडही ध्रुवीभूत होतो, मग ढगावरून आलेला वेगळा कसा ओळखता? उत्तम प्रश्न होता. "सगळ्यायसमोर विचारलं का तिले बोलाच लागन माझ्याशी," ते म्हणाले.

व्याख्यान संपलं. "काही प्रश्न?" वर्षानं विचारलं. प्रोजेक्टरजवळ भाऊ उठले. आधी कागदाकडं पाहिलं, मग मुलीकडं.

"तिथी... तांदूळ कोणता भेटते?"

पोरं खो-खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षा मात्र हसली नाही.

"इथला नाई भेटत, बाबा."

"बरं," म्हणून भाऊ दाराबाहेर पडले आणि सायकलवर टांग टाकून घराकडे सुटले. प्रोजेक्टर तसाच चालू. अर्ध्या तासानं परतले ते कॅरिअरला तांदळाचं पोतं बांधूनच. ते वर्षाच्या पायाशी ठेवून त्यांनी विचारलं, "उचलन का तुले?"

"नाई उचलत," ती म्हणाली. "तुमी चला नागपूरपर्यंत."

भाऊ लगेच पोतं पुन्हा कॅरिअरला बांधू लागले, म्हणून रजेचा अर्ज मीच लिहिला.