गरुडराव आणि रुईबॉसचा डबा

"रंग जुळला की सगळं जुळलं! चव वगैरे मनाचे खेळ असतात!"

असं गरुडराव म्हणाले, तेव्हाच कोणीतरी त्यांना खुर्चीला बांधून ठेवायला हवं होतं. पण स्वयंपाकघरात त्या वेळी ते एकटेच होते आणि हे वाक्य त्यांनी चहाच्या पातेल्याला ऐकवलं होतं. पातेलं बिचारं काय बोलणार!

गरुडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून ते रंग जुळवायचे. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणावा, मोडक्या खिडकीची फळी आणावी, एक बाई तर चक्क काखेत मांजर घेऊन आल्या होत्या, त्यांना त्या मांजराच्या रंगाचा दरवाजा हवा होता. गरुडराव एक डोळा बारीक करणार, पांढऱ्यात थेंब थेंब रंग सोडणार आणि हुबेहूब छटा काढून देणार! म्हणून मालकांनी त्यांना 'गरुड' म्हणायला सुरुवात केली. 'राव' त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

आता मालक दुसरं दुकान काढत होते. ते कोण सांभाळणार, यावर मालक एवढंच म्हणाले होते, "बघू. सध्या तरी तूच दिसतोस." झालं! गरुडरावांचे पाय जमिनीला लागेनात. नव्या दुकानात बसायला खुर्ची कुठली घ्यायची तेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं. फिरती.

अशा माणसाच्या हातात त्यांच्या मेहुणीनं रुईबॉसची भलीमोठी पिशवी आणून दिली. कुठल्याशा लांबच्या देशातल्या झुडपाचा हा लाल पाला. उकळला की दिसतो चहासारखा, पण चहा नव्हे. पिशवीच्या मागे छापलं होतं: कॅफिन नाही, डाग पाडणारं टॅनिन कमी, झोप उडत नाही, दूध घालून प्या, गार करून प्या. गरुडरावांनी ती मागची बाजू तोंडपाठ केली आणि बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"उद्यापासून या घरात चहा बंद! सगळ्यांनी रुईबॉस प्यायचा!"

घरात सगळे म्हणजे दोघंच.

"तुम्ही प्या," शिलाई मशीनवरून मान वर न करता बायको म्हणाली. ती लोकांचे कपडे शिवायची आणि दिवसभर कपामागून कप चहा रिचवायची. "माझ्या चहाला हात लावलात तर बघा!"

"अगं, तुला झोप लागत नाही ती त्या चहामुळेच!"

"मला झोप लागत नाही ती तुमच्या घोरण्यामुळे. त्याला पाला आहे का एखादा?"

शहाणा माणूस इथं थांबला असता. गरुडराव थांबले नाहीत! सकाळचा चहा तेच करायचे, चहा पावडरचा डबाही तेच भरायचे. दुकानात एखादं हट्टी गिऱ्हाईक गडद रंग सोडायला तयार नसलं, की ते रोज नमुना थेंबभर फिका करून दाखवायचे. आठवडाभरात गिऱ्हाईक हसतहसत फिका रंग घेऊन जायचं आणि त्याला पत्ता लागायचा नाही. तीच युक्ती घरी! चहाच्या डब्यातली चमचाभर पावडर काढायची, चमचाभर पाला टाकायचा. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. आणि रोज सकाळी हा माणूस खिशातून शेड कार्ड काढून चहाच्या कपाला लावून बघायचा हो! दूध थोडं कमी, उकळी थोडी जास्त, असं करत कालच्या कपाचा आणि आजच्या कपाचा रंग एक करायचा.

"काही वेगळं वाटतंय का?" ते बायकोला विचारायचे.

"कशात?"

"नाही, असंच."

महिना उलटला आणि डबा नखशिखांत रुईबॉसचा झाला. बायको हू की चू करीना! उलट पूर्वीसारखीच टवटवीत! गरुडरावांना तर आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी तो पाला कुठं म्हणून घालायचा ठेवला नाही. गार काढ्यानं डोकं धुतलं. कोमट काढ्यात पाय बुडवले. चोथा कुंड्यांना घातला. ओल्या पुरचुंड्या करून डोळ्यांवर ठेवल्या, कारण डोळे हेच आपलं भांडवल! दुकानात थर्मास भरून न्यायला लागले. गिऱ्हाईक यायचं ब्रश घ्यायला आणि जायचं झोपेवरचं व्याख्यान ऐकून. कित्येक जण ब्रश न घेताच पळाले.

फक्त एक भानगड होती. गरुडरावांचं डोकं सकाळपासून ठणकायचं. दुपारी जबडा निखळेल अशा जांभया यायच्या. परवा तर ते रंगाचा डबा हलवणाऱ्या यंत्राला टेकून उभ्याउभ्या झोपले आणि यंत्र चालू झाल्यावर घरभर... नव्हे, दुकानभर हिंदकळले.

"गरुडा, बरं नाही का तुला?" मालकांनी विचारलं.

"शरीर शुद्ध होतंय!" गरुडराव म्हणाले.

शुद्ध कसलं डोंबल! जन्मभर कडक चहावर पोसलेलं डोकं ते, चहासाठी टाहो फोडत होतं! पण सांगणार कोण?

आणि नेमक्या त्याच दिवसांत दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीची एक भिंत ओलीनं खराब झाली होती. गिलावा नवा केला होता. आता तिला बाकीच्या तीन भिंतींसारखा रंग हवा होता, तो मोत्यासारखा पांढरा, आणि तो रंग बाजारात मिळेनासा झालेला. बाईंनी कागदात गुंडाळून आणलेला पोपडा काउंटरवर ठेवला.

"एकसारखा हवा हं," त्या म्हणाल्या. "एक दात वेगळा दिसला तर लोक मला झोपू देत नाहीत. इथं तर अख्खी भिंत आहे."

"काळजीच सोडा!" गरुडराव म्हणाले.

बाई गेल्यावर मालक जवळ आले. "गरुडा, या बाईंच्या ओळखी फार. हे काम फत्ते केलंस, तर नव्या दुकानाच्या किल्ल्या तुझ्या."

गरुडरावांनी थर्मासमधून कपभर रुईबॉस ओतला, पोपडा कपाच्या कडेला टेकवला, डोळा बारीक केला. मग दुसराही डोळा बारीक केला. मग दोन्ही मिटलेच.

जाग आली ती मालकांच्या हाकेनं. बघतात तर पोपडा कपात! चांगला मुरलेला! घाबरतील तर ते गरुडराव कसले? त्यांनी पोपडा बाहेर काढला, बाहीला पुसला, पंख्याखाली धरला आणि स्वतःलाच समजावलं, की हा धुता येणारा रंग आहे, आणि हे पेय टॅनिन कमी असलेलं आहे. कशाचा डाग नि कशाचं काय! मग मन लावून असा काही रंग जुळवला, की पोपडा आणि नमुना शेजारी ठेवले तर कुठला कोणता ते त्यांनाही ओळखू येईना. मालकांनी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. मालकांनी तो कानापासून हातभर लांब धरला, तरी सगळं ऐकू येत होतं.

दोघं धावत दवाखान्यात गेले. तीन भिंती मोत्यासारख्या पांढऱ्या. आणि चौथी? वर्षानुवर्षं घासले नाहीत अशा दातांच्या रंगाची! समोर बसलेला एक पेशंट गाल धरून, तशाही अवस्थेत, म्हणाला, "डॉक्टर, आधी हिला खुर्चीत घ्या. मी थांबतो."

"माझ्याकडे लोक दात पांढरे करायला येतात हो!" बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "ही भिंत बघून परत जायला लागलेत!"

"मॅडम, तुमच्या बाकीच्या तीन भिंतींचा रंग उडालाय," गरुडराव म्हणाले. "हा घ्या तुमचाच पोपडा. लावून बघा."

बाईंनी पोपडा भिंतीला लावला. तंतोतंत! मालकांचा जीव भांड्यात पडला. पण बाईंनी पोपडा दिव्याखाली नेला, दात साफ करायचं ते आकड्यासारखं हत्यार उचललं आणि कोपऱ्यावर दोनदा खरवडलं. खालून लख्ख पांढरा निघाला.

"चहाचा डाग," त्या म्हणाल्या. "दिवसभर हेच बघते मी."

"चहा? अशक्य!" गरुडराव उसळले. "मी चहाला शिवतसुद्धा नाही! हा पोपडा रुईबॉसमध्ये पडला होता, आणि रुईबॉसमध्ये टॅनिन..."

आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. मालकांनी डोळे मिटून घेतले.

भिंत पुन्हा रंगवून दिली. मग मालक दोन दिवस गरुडरावांशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते अचानक घरी आले. गरुडरावांना वाटलं, असलेली नोकरीही गेली!

"मी विचार केला," मालक म्हणाले. "पोपडा कपात बुडवलास तो गाढवपणा. पण त्या बुडालेल्या पोपड्याशी तू जो रंग जुळवलास, तो शंभर नंबरी! डोळा शाबूत आहे तुझा. घे." आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

गरुडरावांना भरूनच आलं! तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"वा! काय फक्कड चहा केलाय, वहिनी!" मालक म्हणाले.

गरुडरावांनी घोट घेतला आणि त्यांच्या टाळूपासून तळव्यापर्यंत दिवे लागले. महिन्याभराची डोकेदुखी एका घोटात पळाली.

"हा... हा खरा चहा! कुठून आला?"

"माझा आहे. मशीनच्या खणात असतो. रोज तोच करून पिते."

"मग मी करून देतो तो?"

"तुमच्या थर्मासमध्ये ओतते. टाकायचा कशाला?"

"म्हणजे तुला कळलं होतं? कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"शक्यच नाही!" गरुडराव ताडकन उठले. "पहिल्या दिवशी मी चमचाभर पाला घातला होता! एवढ्याशानं चव बदलते होय!"

"चव कशाला बघायला हवी? मी तोंडाला लावलाच नाही. रंगावरूनच कळलं. दिवसभर कापडाला दोरा जुळवते मी. लाल अंमळ जास्त पडला होता, आणि काळा थेंबभर कमी."

मालकांनी कप खाली ठेवला. एकदा गरुडरावांकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. मग टेबलावरचा जुडगा हळूच उचलला.

"वहिनी," ते म्हणाले, "नव्या दुकानात कधीपासून येता?"

नवं दुकान झकास चाललंय. गरुडराव जुन्याच काउंटरवर आहेत. एखादी छटा फारच अडली, की पोपडा घेऊन नव्या दुकानात जातात आणि फिरत्या खुर्चीसमोर रांगेत उभे राहतात.